डावखुरा

आम्ही बाया पडद्याच्या मागून पाहायचो.
पुरुषमाणसं पुढं, आम्ही पल्याड,
मधे हाफिजभाईचं ठिगळं लावलेलं कापड.
म्हणून माझ्या सिनेमातला प्रत्येक खुनी डावखुरा,
कोटाची बटणं उलट्या अंगाला,
दुकानांच्या पाट्या आरशातल्यासारख्या.
वाचता यायच्या नाहीत.
तसं मला सुलटंही कुठं वाचता येत होतं.

तिथं सदा पाऊस. ओला डांबरी रस्ता, एक दिवा,
दिव्याखाली टोपी, टोपीखाली धूर.
आणि इकडं आम्ही चैत्राच्या जत्रेत,
पदरानं वारा घेत,
बुडाखाली पऱ्हाटीची धसकटं.
गिरजा म्हणायची,
"येवढा पानी पडून राह्यला, अन् याले वावर काहून नाही?"

गोऱ्या मानेची ती बाई खोटं बोलायला लागली
की खिडकीच्या झडपांच्या सावल्या
तिच्या तोंडावर पट्ट्यापट्ट्यांनी पडत,
तुराट्यांच्या कुडातून ऊन येतं तशा.
मला वाटे, ही तर आपल्याच घरात उभी आहे.

खून सावलीत व्हायचा.
हात वर जाई,
मग भिंतीवर नुसती भिंत,
किंकाळी मशीनच्या फटफटीत बुडून गेलेली.
दोन रिळांनंतर पोलिस येत. यायचेच.
मारणाऱ्यालाही ते ठाऊक असावं,
पहिल्या रिळापासून त्याच्या चेहऱ्यावर फाशी.

एका साली शेवटचं रीळ आलंच नाही.
तेच पिक्चर लाडखेडलाही लागलेलं,
रिळं सायकलवर इकडून तिकडं जात,
आणि सोनबा मडावीची सायकल नाल्यात पंक्चर.
दौलत ऑपरेटरनं कार्बनची कांडी विझवली.
पिशवी घेऊन खुनी रेल्वेच्या पुलावर उभा होता,
तो तसाच राहिला.
पुरुषांनी शिव्या घातल्या, चार आणे परत मागितले.
आमच्या बाजूला कोणी बोललं नाही.
परतताना गिरजा म्हणाली, "सुटला बाप्पा."
कंदिलात तिच्या दंडावरचे हिरवे वळ दिसले.
नवऱ्यानं दिलेले.
त्यांचा पंचनामा कधी झाला नव्हता.

वैशाखात तिचा नवरा विहिरीत सापडला.
जिनिंगचा चौकीदार. भर दुपारी,
सावली पायाशी गोळा झालेली तेव्हा.
गल्ला रिकामा, मुनीम बेपत्ता.
कागदावर लिहिलं, पाय घसरला.
विहिरीला कठडा माझ्या कमरेएवढा.
जमादारानं रसवंतीवर रस पिता पिता विचारलं,
"काही पाह्यलं का बाई?"
मुनीम डाव्या हातानं हिशेब लिहायचा, हे मला ठाऊक होतं.
त्या दुपारी मी कुडाआड होते, हेही.
म्हटलं, "आमी बाया मांगून पाहतो, सायेब.
आमाले उलटं दिसते."
तो हसला. गेला.
पुढच्या चैत्रात गिरजा माझ्याशेजारीच बसली,
कोऱ्या कपाळानं, पाय पसरून,
मोठमोठ्यानं शेंगा फोडत.

आता धाकटी सून मोबाईल धरते समोर.
यात रंग आहेत, शेवाळी, निळे, रक्त मात्र काळपट.
पाऊस नाही. उघडं माळरान, प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
बंद पडलेला पेट्रोलपंप,
आणि आपल्याकडचं असतं तसं सेहेचाळीस डिग्रीचं ऊन.
खून पूर्ण दाखवतात, घाई नाही.
इन्स्पेक्टरच्याच कपाटात ती पिशवी.
मारणारा सकाळी दात घासतो,
पोरीला शाळेत सोडतो,
त्याच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही.
शेवटी गाडीत बसून निघून जातो.

"संपलं? असंच?" रंजिता म्हणते.
"रीळ लाडखेडले राह्यलं," मी म्हणते.
ती माझ्याकडं पाहते, मग चार्जर शोधायला उठते.

लोक म्हणतात जुनं बरं होतं.
मला इतकंच माहीत, जुन्यात
अंधार कुठं आहे ते दिसायचं.

ती गेल्यावर मोबाईल पालथा करून पाहिला.
पिवळट कव्हर, आत घडी घातलेली दहाची नोट.
यातल्या बायका
कोणत्या बाजूला बसत असतील?